पाय भिजवायची तयारी असेल तरच: फर्न कॅनियन, उत्तर कॅलिफोर्निया

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत जून-जुलैच्या सुमारास एक प्रश्न हमखास निघतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना गोल्डन गेट दाखवून झालेला असतो, योसेमिटी आणि लेक टाहो उरकलेले असतात, लिव्हरमोरच्या देवळात दोनदा जाऊन झालेले असते आणि तरीही परतीच्या तिकिटाला अडीच महिने शिल्लक असतात. आमच्या घरी या वर्षी मी त्यावर उत्तर म्हणून फर्न कॅनियनचे नाव पुढे केले, तेव्हा नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघे तिथे जाऊन आलो होतो आणि ‘एवढ्यासाठी सहा तास गाडी हाकली?’ हे त्याचे तेव्हाचे वाक्य आमच्याकडे म्हणीसारखे रुळले होते. दुसऱ्या भेटीनंतर त्याने ते मागे घेतले. जागा तीच, ऋतू तोच आणि अनुभव मात्र इतका वेगळा, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहिते आहे.

फर्न कॅनियन ही हम्बोल्ट काउंटीतल्या प्रेअरी क्रीक रेडवूड्स स्टेट पार्कमधली, पॅसिफिक महासागराच्या अगदी काठाशी उघडणारी घळ आहे. होम क्रीक नावाचा ओढा डोंगरउतारावरून समुद्राकडे येताना शेवटच्या टप्प्यात जमीन चिरत गेला आणि त्यामुळे दोन्ही बाजूंना साधारण 15 मीटर उंचीच्या, जवळजवळ सरळ उभ्या भिंती तयार झाल्या. या भिंती पायथ्यापासून माथ्यापर्यंत नेच्यांनी अशा झाकलेल्या आहेत की त्यांच्यामागची माती मुद्दाम शोधावी लागते. घळीचा तळ सपाट आहे, पाणी उथळ आहे, आणि घळीतून जाऊन वरच्या जंगलातून परत येणारा पूर्ण वळसा जेमतेम पावणेदोन किलोमीटरचा आहे. ‘कॅनियन’ या शब्दावरून ॲरिझोनातल्या प्रचंड दरीची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. आपल्याकडचा ‘घळ’ हा शब्द या जागेला नेमका बसतो. हे स्टेट पार्क 1923 साली स्थापन झाले, शेजारचे रेडवूड राष्ट्रीय उद्यान 1968 साली, आणि 1980 साली हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. 1997 साली आलेल्या एका गाजलेल्या डायनासोरपटाचे काही चित्रीकरण याच घळीत झाले होते, आणि बहुतेक पर्यटकांना ही जागा त्यामुळेच ठाऊक असते.

पहिल्या भेटीत आमचे काय चुकले ते आधी सांगते, कारण तिथे येणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांचे तेच चुकताना मी यंदा पाहिले. उन्हाळ्यात पार्काचे कर्मचारी ओढ्यावर ठिकठिकाणी फळ्या टाकून ठेवतात. कोकणात आपण साकव म्हणतो तशाच, फक्त कठड्याशिवायच्या. आम्ही पायात कोरे पांढरे बूट घातले होते आणि ते भिजू नयेत या एकाच काळजीने एका साकवावरून दुसऱ्या साकवावर, तिथून एखाद्या कोरड्या गोट्यावर, असे उड्या मारत पुढे गेलो. समोरून माणसे आली की फळीच्या टोकाशी थांबायचे, ती गेली की पुढे सरकायचे, मागचे लोक ताटकळले आहेत म्हणून भरभर चालायचे. पस्तीस मिनिटांत घळ संपली, पायऱ्या चढून वरच्या जंगलात आलो आणि दहा मिनिटांत गाडीशी परतलो. बूट कोरडे राहिले. घरी येऊन छायाचित्रे पाहिली तेव्हा लक्षात आले की भिंतींवर काय होते हे आम्ही पाहिलेच नव्हते. सगळा वेळ नजर पायांखालच्या फळीवर होती.

या वेळी म्हणून सर्वांत आधी पायांची सोय केली, तरी तिथेही फजिती टळली नाही. एका मोठ्या दुकानातून पाण्यात घालायचे बूट बाबांसाठी घेतले होते, त्यातल्या डाव्या पायाचा तळवा घळीत शिरून वीस मिनिटे होतात न होतात तोच टाचेकडून सुटला आणि चालताना पाण्यावर फटफट वाजू लागला. शेवटी आईच्या केसांच्या रबराने तो बांधून वेळ निभावली. स्वतःच्या अनुभवावरून मी एवढेच सांगेन की नवी, हलकी, स्वस्त पाण्याची पादत्राणे घेण्यापेक्षा घरातले जुने, चांगली पकड असलेले चालण्याचे बूट भिजवण्यासाठीच न्यावेत आणि गाडीत कोरडे मोजे, दुसरी जोडी आणि एक जुना टॉवेल ठेवावा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लहान मुलांना उत्तम. मोठ्यांना त्यात एकदा पाणी शिरले की प्रत्येक पाय किलोभर जड होतो. चपला किंवा अंगठ्याच्या स्लीपर घालून मात्र कोणी जाऊ नये, कारण तळाशी सगळे गोल गुळगुळीत गोटे आहेत.

आता परवान्याविषयी. 2022 पासून 15 मे ते 15 सप्टेंबर या काळात गाडी घेऊन फर्न कॅनियनच्या किंवा गोल्ड ब्लफ्स किनाऱ्याच्या वाहनतळावर जायचे असेल, तर आधी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. दिवसाला किती गाड्या सोडायच्या हे ठरलेले असते, त्यामुळे शनिवार-रविवारचे परवाने लवकर संपतात; आम्ही मंगळवार निवडला तो त्यासाठीच. प्रवेशशुल्क गाडीमागे 12 डॉलर. अचानक उठून निघणाऱ्या मंडळींना ही व्यवस्था जाचक वाटते आणि तशी कुरकुर मी पुष्कळांकडून ऐकली आहे, परंतु माझे मत उलट आहे. अरुंद घळीत एका वेळी दोनशे माणसे शिरली तर तिथे पाहण्यासारखी दोनशे माणसेच उरतात. आपल्याकडे पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणावर जे होते, ते इथे होऊ नये म्हणून कोणी आधीच विचार केला असेल, तर दोन महिने आधी तारीख ठरवण्याची तसदी मी आनंदाने घेईन. परवान्याची प्रत छापून किंवा फोनमध्ये उतरवून ठेवावी, कारण तिथे पोहोचल्यावर मोबाइलला रेंज मिळत नाही.

महामार्ग 101 वर ओरिक या छोट्या गावाच्या उत्तरेला थोड्या अंतरावर डेव्हिसन रोड फुटतो. तिथून घळीपर्यंतचे सुमारे दहा किलोमीटर हा या सहलीचा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग आहे. रस्ता बहुतांशी कच्चा, अरुंद आणि वळणांचा. आधी जंगलातून चढतो, मग उतरून किनाऱ्याला लागतो, आणि खड्ड्यांच्या बाबतीत आपल्या घाटवाटांवर वाढलेल्या कोणालाही घरची आठवण करून देतो. वाहनतळाच्या अलीकडे ओढ्याचे पाणी रस्त्यावरूनच वाहते आणि गाडी त्यातून न्यावी लागते. आमच्या वेळी पाणी टायरच्या पाव उंचीला होते. पावसाळ्यानंतर ते याहून बरेच जास्त असू शकते. जमिनीला लागून असलेली छोटी गाडी, ट्रेलर किंवा 24 फुटांहून लांब वाहन इथे आणायचे नाही. गाडी भाड्याची असेल तर करारातले कच्च्या रस्त्याविषयीचे कलम निघण्यापूर्वी वाचावे, कारण अशा रस्त्यावर झालेले नुकसान पुष्कळ करारांत विम्याच्या बाहेर ठेवलेले असते. बाबा पुढच्या सीटवर वरची मूठ धरून बसले होते आणि दर खड्ड्याला ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते. आम्हाला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ धरूनच चालावे.

या रस्त्याच्या अखेरच्या भागात डावीकडे समुद्र आणि उजवीकडे पिवळसर उभे कडे दिसतात, तेच गोल्ड ब्लफ्स. 1850 च्या सुमारास इथल्या वाळूत सोन्याचे कण सापडले म्हणून हे नाव पडले. सोने होते, पण इतके बारीक की ते वाळूतून वेगळे काढण्याचा खर्च आणि कष्ट परवडेनासे झाले. त्याआधी कितीतरी पिढ्या आणि आजही ही युरोक लोकांची भूमी आहे, हे तिथले फलक वाचताना लक्षात ठेवावे.

वाहनतळापासून घळीचे तोंड पाच-सात मिनिटांवर आहे. सुरुवातीला पात्र रुंद असते, कडेला अल्डरची झाडे असतात आणि काही विशेष दिसत नाही. मग ओढा एका वळणावर आत वळतो आणि दोन्ही भिंती एकदम जवळ येतात. जुलैची दुपार असूनही आत अंगावर स्वेटर लागला. समुद्राचा आवाज त्या वळणापर्यंत मागे येतो आणि तिथे थांबतो. पुढे ऐकू येते ते फक्त पाणी: तळाचे वाहणारे, आणि भिंतींतून नेच्यांच्या पानांवर थेंब थेंब गळणारे.

आईने पहिला साकव टाळला आणि चप्पल काढून विहिरीवर पाय धुवायला उतरावे इतक्या सहजपणे पाण्यात पाय ठेवला. बर्फासारखे गार पाणी होते. ती ‘अगं बाई’ म्हणाली आणि तशीच भिंतीपर्यंत गेली. तिथे एका नेच्यासमोर ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटले पाय आखडले. मग तिने हाक मारली, ‘अगं, हा तर हंसराज!’ चिपळूणजवळच्या तिच्या माहेरच्या विहिरीत, आतल्या बाजूने चिऱ्यांच्या फटींतून हंसराज उगवायचा आणि लहानपणी राजूने, म्हणजे दोराने, शेंदलेल्या पाण्याबरोबर त्याची पाने वर यायची, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. तिची ओळख बरोबर होती. फर्न कॅनियनच्या भिंतींवर सर्वांत जास्त दिसणारा पाच बोटांचा नेचा आणि आपल्या विहिरींतला, कातळांतला हंसराज हे एकाच ॲडियँटम वंशातले सख्खे चुलत. देठ दोन्हींचा तसाच, काळा, केसासारखा चकचकीत. फरक मांडणीत आहे: इथला देठ टोकाला दोन भागांत फाकतो आणि त्या फाट्यांवरून पाने पसरलेल्या पंजाच्या बोटांसारखी बाहेर येतात, सगळी आडवी, एकाच पातळीत, जणू कोणी हात पुढे करून पाणी झेलते आहे.

पाणी मात्र ती झेलत नाहीत. वरून पडलेला थेंब पानावर क्षणभर पाऱ्यासारखा गोल राहतो, थरथरतो आणि घरंगळून जातो, पान कोरडेच. ‘ॲडियँटम’ या ग्रीक मुळाच्या नावाचा अर्थच ‘न भिजणारे’ असा आहे. आम्ही चौघे मिळून दहा मिनिटे एकाच पानावरचे थेंब पाहत उभे होतो, आणि शेजारच्या फळीवरून जाणारे लोक आम्ही काहीतरी प्राणी शोधला आहे अशा समजुतीने थांबून आमच्या खांद्यांवरून डोकावत होते. या नेच्याखेरीज भिंतींवर तलवारीच्या पात्यांसारखी लांब पाने असलेला स्वॉर्ड फर्न आहे, नाजूक लेडी फर्न आहे, डिअर फर्न आहे. स्वॉर्ड फर्नचे पान हलकेच उलटून पाहिले तर खाली तपकिरी ठिपक्यांच्या दोन शिस्तबद्ध ओळी दिसतात, त्यातच त्याचे बीजाणू असतात. तोडायचे मात्र काहीच नाही, एक पानसुद्धा नाही. आईच्या हाताला आवर घालणे हे त्या दिवशीचे माझे मुख्य काम होते.

इतके नेचे इथेच का, याचे उत्तर भिंतीत आहे. मी सह्याद्रीतल्या घळी पाहिलेली, साम्रदजवळच्या सांदणमधून उतरलेली मुलगी आहे. घळ म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर काळाकभिन्न बेसॉल्ट येतो, ज्याला टेकले तर पाठ गारठते आणि ज्याच्या फटीत फार तर मूठभर माती असते. इथली भिंत खडकाची नाहीच. ती प्राचीन नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची, वाळूची आणि मातीची आहे, अजून पुरती घट्टही न झालेली. नेच्यांच्या मधून नीट पाहिले तर लाडवात बेदाणे बसवावेत तसे वाटोळे गोटे तिच्यात रुतलेले दिसतात. अशा सच्छिद्र भिंतीतून वरच्या जंगलात मुरलेले पाणी बारा महिने पाझरते आणि मुळांना हवी तिथे जागा मिळते. वर पाऊस आपल्या उलट ऋतूत, म्हणजे हिवाळ्यात पडतो, वर्षाला दीड मीटरहून अधिक. आणि उन्हाळ्यात पाऊस नसताना समुद्रावरून धुके आत येते व झाडांवरून ठिबकत राहते. ऊन घळीच्या तळाशी फारसे पोहोचतच नाही. सांदणमध्ये पावसाळ्यात पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि इथे तोच ओढा जुलैत घोट्याइतका. हिवाळ्यात मात्र हाच ओढा भिंती कोरतो, अख्खी झाडे खाली आणतो आणि साकव तेव्हा काढून ठेवलेले असतात, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिलमधल्या भेटीचा विचार ज्येष्ठांना घेऊन करू नये.

ज्येष्ठांचा मुद्दा निघालाच आहे तर स्पष्ट सांगते. बाबांचे वय 72, गुडघ्याची एक शस्त्रक्रिया झालेली, रोज सकाळी तासभर चालण्याची सवय. त्यांनी घळीचा साधारण दोन तृतीयांश भाग काठी घेऊन व्यवस्थित केला. अडचण पाण्याची नाही, ओंडक्यांची आहे. वरून कोसळलेली झाडे पात्रात आडवी पडलेली असतात. काहींखालून वाकून जावे लागते, काहींवर बसून पाय पलीकडे टाकावे लागतात, आणि शेवाळामुळे लाकूड साबणासारखे निसरडे असते. तिसऱ्या मोठ्या ओंडक्याशी बाबा म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे, मी इथे बसतो,’ आणि तिथेच एका कोरड्या बुंध्यावर थर्मासमधला चहा घेऊन बसले. त्यांचे काही हुकले असे मला वाटत नाही. पहिली तीनशे-चारशे पावलेच सर्वांत उंच आणि सर्वांत हिरव्या भिंतींची आहेत. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी एक राखाडी, गुबगुबीत पक्षी दाखवला, जो पाण्यातल्या दगडावर उभा राहून सारख्या उठाबशा काढत होता आणि मध्येच वाहत्या पाण्यात शिरून तळाशी चालत किडे शोधत होता. तो अमेरिकन डिपर. फळ्यांवरून जाणाऱ्यांपैकी कोणाच्याही नजरेला तो पडल्याचे बाबांना दिसले नाही, आणि या गोष्टीचा त्यांना दिवसभर अभिमान होता.

म्हणून माझी शिफारस अशी की पूर्ण वळसा घेण्याच्या फंदात न पडता ओढ्यातूनच वर जावे आणि ओढ्यातूनच परतावे. वरची जंगलातली वाट चांगली आहे, पण तशी वाट या परिसरात इतरत्र मैलोन्‌मैल मिळते. घळ एकच आहे, आणि जाताना भिंतींवर पाहिलेला उजेड येताना बदललेला असतो. आम्हाला जाऊन-येऊन पावणेतीन तास लागले. नवऱ्याने तीन वर्षांपूर्वीचे पस्तीस मिनिटांचे गणित स्वतःहून काढले आणि ‘तेव्हा आपण फक्त साकव पाहिले’ अशी कबुली दिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पुन्हा त्याच घळीत गेले, या वेळी पायी. पार्काच्या माहिती केंद्रापासून जेम्स अर्व्हाइन नावाची पायवाट निघते आणि सुमारे सात किलोमीटरवर घळीच्या वरच्या अंगाला उतरते. असे चालत येणाऱ्याला वाहनतळाचा परवाना लागत नाही. सकाळी सात वाजता निघाले तेव्हा रेडवूडच्या बुंध्यांचे वरचे टोक धुक्यात गेले होते आणि वाटेवर केळ्याच्या रंगाच्या, बोटापेक्षा लांब बिनशंखाच्या गोगलगायी चाललेल्या होत्या. समुद्र जवळ येऊ लागला की रेडवूड कमी होत जातात आणि खाऱ्या वाऱ्याला टिकणारे सिटका स्प्रूस सुरू होतात; हा बदल पायी चालतानाच कळतो, गाडीतून कधीच नाही. साडेनऊला मी वरून घळीत उतरले तेव्हा तिथे माझ्याखेरीज कोणीही नव्हते. परतताना सोन्याच्या दिवसांतल्या खाणकामगारांच्या नावाची मायनर्स रिज ही वाट धरली. एकंदर चाल 19 किलोमीटरच्या घरात जाते, चढउतार सौम्य आहे, आणि आपल्याकडे राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांना ती दुपारची रपेट वाटेल. परवाना मिळाला नाही म्हणून बेत रद्द करणाऱ्या धडधाकट मंडळींनी या वाटेचा विचार जरूर करावा. मला तर आता हीच मुख्य वाट वाटते.

राहण्या-खाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आम्ही दक्षिणेला तासभराच्या आत असलेल्या आर्केटामध्ये दोन रात्री राहिलो. युरिका, ट्रिनिडाड आणि उत्तरेला क्लॅमथ हेही पर्याय आहेत, तंबू असेल तर किनाऱ्यावर आणि एल्क प्रेअरीत तळ टाकायच्या जागा आहेत. घळीजवळ खायला काहीही मिळत नाही, पिण्याचे पाणीसुद्धा सोबत न्यावे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी एवढ्यावर आमचे उत्तम भागले, फक्त डबा गाडीतच उघडावा आणि खरकटे मागे ठेवू नये. धुक्याने बेत फिसकटला तर युरिकातल्या क्लार्क संग्रहालयात तास-दोन तास सत्कारणी लागतात. युरोक, करुक आणि हुपा लोकांनी विणलेल्या टोपल्या तिथे आहेत आणि त्यांच्यावरची काळी नक्षी बहुधा आदल्या दिवशी आम्ही पाहिलेल्या त्या नेच्याच्या देठांचीच असते. आईने काचेला नाक लावून देठांचे टाके मोजण्याचा प्रयत्न केला आणि ‘आम्ही नुसताच हंसराज फेकून देत होतो’ असे म्हणून पुढच्या कपाटाकडे वळली.

आता एल्कविषयी. रूझवेल्ट एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा कितीतरी थोराड हरीण. नराचे वजन 500 किलोपर्यंत जाऊ शकते. डेव्हिसन रोडच्या तोंडाशीच असलेल्या कुरणात आणि किनाऱ्यावरच्या गवतात त्यांचे कळप हमखास दिसतात. दिसायला शांत असले तरी विणीच्या आणि माजाच्या काळात ते अंगावर येतात, तेव्हा निदान 25 यार्डांचे अंतर ठेवण्याचा नियम फोटोसाठीही मोडू नये. परतीच्या वाटेवर त्यांचा एक कळप कच्च्या रस्त्यावर आडवा उभा होता. पुढची गाडी थांबली, आम्ही थांबलो, मागे आणखी पाच-सहा गाड्या थांबल्या, सगळ्यांनी इंजिने बंद केली आणि पंचवीस मिनिटे कोणी हलले नाही. त्यामुळे परतताना वेळेची घाई असलेला पुढचा कोणताही बेत आखू नये आणि पेट्रोलची टाकी आर्केटा सोडतानाच भरून घ्यावी. बाबांनी कळपात सतरा मोजले. रात्री हॉटेलवर पोहोचून त्यांनी चिपळूणला काकांना फोन लावला, तेव्हा घळ, नेचे, समुद्र हे सगळे मागे ठेवून सर्वांत आधी सांगितले ते हे, की पंचवीस मिनिटांत एकानेही हॉर्न वाजवला नाही.